ओळीच्या आधीची मोकळी जागा आणि रोह्याचे २३० बॉक्स



मागच्या व्हिडिओत पर्लच्या स्प्लिटवर मी जेमतेम तीन मिनिटं बोललो आणि पुढे सरकलो. ती तीन मिनिटं कमी पडली. त्याच स्प्लिटमुळे एका सीझनला माझ्या दुकानात २३० बॉक्स कमी आले होते, आणि हे मी कॅमेऱ्यासमोर सांगितलंच नाही. लाज वाटली म्हणा हवं तर. इथे सांगतो.

जे नवीन आहेत त्यांच्यासाठी: माझं पेणला पॅकिंग मटेरियलचं दुकान आहे. पुठ्ठ्याचे बॉक्स, फोम, बबल रोल, टेप, सुतळी. पेण म्हटलं की गणपती आलेच. शहरात आणि हमरापूर, जोहे, तांबडशेत या पट्ट्यात वर्षभर मूर्ती घडतात आणि उन्हाळ्यापासून बाहेरगावी जायला लागतात. मूर्ती गाडीत चढवायची तर तिला मापाचा बॉक्स पाहिजे. नऊ इंची मूर्ती बारा इंचीच्या बॉक्समध्ये घातली तर आत हलते, आणि हललेल्या मूर्तीची बोटं नाहीतर कान आधी जातात. उलटं केलं तर मूर्ती आत जातच नाही. म्हणजे या धंद्यात "एकूण किती बॉक्स" या आकड्याला काही किंमत नाही. कुठल्या मापाचे किती, हाच खरा हिशोब.

ऑर्डरी कशा येतात ते तुम्हाला माहीतच आहे. कोणी व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो, कोणी फोनवर सांगतो, कोणी बिलाच्या पाठीमागे लिहून पाठवतो. मी सगळं एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये घेतो, एका ओळीत एक आयटम. आधी माप, मग नग, मग मूर्तीचा प्रकार, मध्ये मोकळी जागा. एक छोटी पर्ल स्क्रिप्ट ती फाइल वाचते आणि मापाप्रमाणे बेरीज करून देते. ती बेरीज मी बॉक्सवाल्याला पाठवतो. एक्सेल का नाही, असं दर वेळी कोणीतरी विचारतं. बीबीए झाल्यावर दोन वर्षं मी मुंबईत एका बॅक ऑफिसात होतो, तिथे सगळं पर्लवर चालायचं, हात त्यालाच बसला. आणि दोनशे ओळींची बेरीज करायला आजही मला त्याच्याइतकं सुटसुटीत दुसरं काही वाटत नाही.

आता २०१९ चा सीझन. त्या वर्षी गणेश चतुर्थी २ सप्टेंबरला होती, म्हणजे बॉक्स जुलैअखेरीस दुकानात हवेत. रोह्याचे एक व्यापारी आहेत, जुने गिऱ्हाईक. पेणच्या कारखान्यांतून मूर्ती उचलतात आणि पुढे दक्षिण कोकणात पाठवतात. त्यांची ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवर आली. वर स्वतःचं नाव, आणि खाली चार ओळी: नऊ इंची १२०, बारा इंची ६०, अठरा इंची ४०, चोवीस इंची १०. एकूण २३० नग.

त्यांनी ते वहीत लिहितात तसंच लिहिलं होतं. वहीत आपण काय करतो? नाव समासाला लावतो आणि माल थोडा आत लिहितो, म्हणजे एका नजरेत कळतं कोणाचं काय. शेठनी मोबाइलवर तेच केलं, प्रत्येक ओळीच्या आधी दोन-तीन वेळा स्पेस दाबून. मी मेसेज कॉपी केला, फाइलमध्ये चिकटवला, नावाची ओळ काढून टाकली. स्पेस तशाच राहिल्या. त्या दिसल्या नाहीत असं नाही. दिसल्या, पण स्पेसच तर आहेत, त्यांनी काय बिघडणार?

स्क्रिप्ट चालवली. रिपोर्ट आला. एरर नाही, वॉर्निंग नाही. दुकानातला मुलगा शेजारी उभा होता, तेव्हा नवीनच लागला होता. त्यानं स्क्रीनकडे बघून विचारलं, "दादा, वरती हे नुसतंच ६३ कसलं?"

पहिल्या ओळीत डावीकडे काहीच नव्हतं आणि उजवीकडे ६३. खाली मग बारा इंची इतके, अठरा इंची इतके, असं सगळं. फाइलमध्ये साठ-पासष्ट ओळी होत्याच. मी म्हटलं, "ओळी मोजल्या असतील." मीच लिहिलेली स्क्रिप्ट, ओळी मोजायला मी तिला कधी सांगितलं नव्हतं, तरी मी हे उत्तर दिलं. आणि ऑर्डर पाठवून मोकळा झालो.

माल आला, वाटप सुरू झालं, आणि शेवटी रोह्याच्या शेठची गाडी दारात. बॉक्स संपलेले. मोजून बघितलं, २३० कमी. मी त्या मुलावर भडकलो. गाडीतून माल उतरवताना यानं नीट मोजला नाही, नाहीतर दुसऱ्या कोणाला जादा देऊन बसला, अशी माझी खात्रीच झाली होती. चार गिऱ्हाइकांसमोर बोललो. तो काही बोलला नाही, गोडाऊनमध्ये जाऊन परत मोजायला लागला. बाहेर पाऊस, शेठ खुर्चीत बसून चहा घेतायत, तोंडानं "होतं असं" म्हणतायत आणि दर दोन मिनिटांनी घड्याळ बघतायत.

रात्री दुकान बंद केल्यावर रिपोर्ट पुन्हा उघडला. ते ६३ तिथेच होतं. मग सहज म्हणून नऊ, बारा, अठरा, चोवीस यांची बेरीज केली.

तुम्हीही करून बघा.

म्हणजे स्क्रिप्टनं रोह्याच्या ऑर्डरमधली मापं घेऊन ती नगांच्या जागी बेरजेला लावली होती. आणि माप म्हणून काय घेतलं? काहीच नाही. रिकामं. रिकाम्या मापाचे ६३ बॉक्स.

आता हे कसं झालं ते नीट समजून घ्या. कोड मी इथे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं वापरायची.

माझ्या स्क्रिप्टमध्ये होतं: स्प्लिट /\एस+/. \एस म्हणजे कुठलीही मोकळी जागा: स्पेस, टॅब, ओळ संपल्याची खूण. + म्हणजे एक किंवा जास्त. पर्लला आपण सांगतोय की, जिथे मोकळी जागा लागेल तिथे सुरी चालव. "१२ ६० बैठी" अशी ओळ असेल तर दोन ठिकाणी काप बसतो आणि तीन तुकडे मिळतात. पण ओळीच्या आधीच मोकळी जागा असेल तर पहिला काप तिथेच बसतो. कापाच्या उजवीकडे बारा. डावीकडे? डावीकडे काहीच नाही, पण कापलं म्हटल्यावर डावीकडचा तुकडा असायलाच हवा. तो रिकामा तुकडा पर्ल इमानदारीनं पहिल्या नंबरावर देतो. त्यामुळे माप = रिकामं, नग = १२, प्रकार = ६०, आणि "बैठी" हा चौथा तुकडा, ज्याला घ्यायला माझ्याकडे व्हेरिएबलच नव्हता, तो हवेत. सगळा माल एक घर उजवीकडे सरकला.

पर्लनं तक्रार का केली नाही? कारण त्याच्या दृष्टीनं काही चुकलंच नाही. रिकामी स्ट्रिंग ही हॅशची किल्ली म्हणून चालते. नगांच्या जागी बारा हा आकडाच आहे, बेरीज होते. वॉर्निंग चालू होत्या, तरी चूप. एकच ठिकाणी तो बोलला असता. रिपोर्टमधली मापं मी साध्या सॉर्टनं लावली होती, आणि साधा सॉर्ट अक्षरांप्रमाणे लावतो, म्हणून नऊ इंची नेहमी सगळ्यात खाली यायचं. मला ते खटकायचं, पण चालवून घ्यायचो. आकड्यांप्रमाणे सॉर्ट लावला असता तर रिकाम्या मापाशी आल्यावर "हा आकडा नाही" अशी वॉर्निंग आली असती.

बरं, मग ओळीच्या शेवटी स्पेस असते तेव्हा असं का होत नाही? तिथेही काप बसतो, तिथेही रिकामा तुकडा तयार होतो. पण शेवटचे रिकामे तुकडे पर्ल स्वतःहून टाकून देतो. पुढचे ठेवतो, मागचे टाकतो. पहिल्यांदा ऐकलं की हा अन्याय वाटतो. पण विचार करा. शेवटचं घर काढलं तर बाकीच्यांची जागा बदलत नाही. पहिलं घर काढलं तर सगळेच सरकतात. समजा तुमच्या यादीत टॅबनं वेगळे केलेले कॉलम आहेत आणि पहिला कॉलम जीएसटी नंबरचा आहे. ज्याच्याकडे जीएसटी नाही त्याचा तो कॉलम रिकामा. तो रिकामा तुकडा पर्लनं गुपचूप काढून टाकला असता तर नाव जीएसटीच्या जागी जाऊन बसलं असतं. म्हणजे हा नियम चुकीचा नाही, माझ्या कामाला चुकीचा होता. (शेवटचे रिकामे तुकडेही हवे असतील तर स्प्लिटला तिसरी किंमत उणे एक द्या. मग तो काहीच टाकत नाही.)

आता उपाय. उपाय एका स्पेसचा आहे, अक्षरशः. स्प्लिट ' ' असं लिहा. दोन एकेरी अवतरणचिन्हं आणि मध्ये एक स्पेस. वाटतं की हा एकेका स्पेसवर कापेल, पण नाही. पर्लमध्ये ही खास सोय आहे: ओळीच्या आधीची सगळी मोकळी जागा आधी झाडून टाकायची, मग उरलेल्याचे /\एस+/ सारखेच तुकडे करायचे. रिकामा पहिला तुकडा येतच नाही.

मात्र स्प्लिट / / हे वेगळं, त्याची गल्लत करू नका. तिरप्या रेघांमध्ये स्पेस लिहिली तर ती खरोखरच एका स्पेसचा पॅटर्न धरली जाते. आधी तीन स्पेस असतील तर तीन रिकामे तुकडे. मध्ये दोन स्पेस पडल्या असतील तर तिथेही एक रिकामा. क्लासमध्ये दर बॅचला दोघं-तिघं तरी हे करतात, कारण बाकी पॅटर्न तिरप्या रेघांत लिहायची सवय लागलेली असते.

ही खास सोय आली कुठून? ऑककडून. ऑक ही १९७७ साली बेल लॅब्समध्ये तयार झालेली छोटी भाषा. आहो, वाइनबर्गर आणि कर्निहॅन या तिघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून तिचं नाव पडलं. तिचा मुळातला नियमच हा की ओळीच्या आधीची मोकळी जागा सोडून द्यायची. त्या काळी रिपोर्ट कसे छापायचे ते आठवा, आकडे उजवीकडे लावलेले, म्हणजे लहान आकड्याच्या आधी स्पेस येणारच. लॅरी वॉलनं डिसेंबर १९८७ मध्ये पर्ल बाहेर काढली तेव्हा ऑकवरून येणाऱ्या लोकांची सवय त्याच्या डोक्यात होती. आजही पर्लला काहीच पॅटर्न न देता नुसतं स्प्लिट म्हटलं तर तो हेच करतो. कमांड लाइनवर -ए स्विच लावलात तर प्रत्येक ओळीचे तुकडेही असेच पडतात. म्हणजे मी जास्त शहाणपणा करून पॅटर्न लिहिला नसता तर रोह्याचे बॉक्स वेळेत आले असते!

एक जुन्या मशीनवाल्यांसाठी: पर्ल ५.१८ च्या आधी ही सोय फक्त ' ' असं थेट लिहिलं तरच मिळायची. स्पेस व्हेरिएबलमध्ये ठेवून तो व्हेरिएबल दिला तर नाही. आता तसंही चालतं.

मूर्तीचा प्रकार दोन-तीन शब्दांचा असेल, "बैठी मोठी उंदीर" वगैरे, तर स्प्लिटला तिसरी किंमत तीन द्या: तीनच तुकडे कर, उरलेलं सगळं तिसऱ्यात राहू दे. आधीची स्पेस तेव्हाही झाडली जाते. पण मग ओळ संपल्याची खूण त्या तिसऱ्या तुकड्याला चिकटून राहते, म्हणून आधी चॉम्प करायला विसरू नका.

स्वल्पविराम वापरणाऱ्यांनो, तुम्ही सुटलात असं समजू नका. "१२, ६०, बैठी" ही ओळ स्वल्पविरामावर कापली तर दुसरा तुकडा "स्पेस-साठ" असतो. बेरजेत हे चालून जातं, कारण आकडा करताना पर्ल आधीच्या स्पेसकडे दुर्लक्ष करतो. पण तोच तुकडा हॅशची किल्ली म्हणून वापरलात तर "बारा" आणि "स्पेस-बारा" ही दोन वेगळी मापं होतात आणि रिपोर्टमध्ये बारा इंची दोनदा दिसतं. मग लोक पॅटर्न लिहितात /\एस*,\एस*/, म्हणजे स्वल्पविराम आणि त्याच्या दोन्ही बाजूंची मोकळी जागा मिळून कापा. चांगलं आहे, पण ओळीच्या अगदी सुरुवातीला स्वल्पविराम नसतो. तिथली स्पेस तशीच राहते. ती वेगळी काढावी लागते: एस/^\एस+//. तो टोपीसारखा ^ म्हणजे ओळीची सुरुवात. एक्सेलमधली मंडळी ट्रिम वापरतात, तेच हे काम. व्हीलुकअप समोर नाव दिसत असूनही "सापडत नाही" म्हणतो तेव्हा दहातल्या बऱ्याच वेळा भानगड हीच असते.

आता खरा त्रास देणारा भाग. सगळ्या स्पेस स्पेस नसतात.

वेब पेजवरून कॉपी केलेल्या मजकुरात बऱ्याचदा न तुटणारी स्पेस येते, कोड नंबर १६०. दिसायला तीच. एक्सेलचं ट्रिम तिला हात लावत नाही. पर्लचा \एस तिला ओळखतो, पण फाइल यूटीएफ-८ म्हणून उघडली असेल तरच. नुसती उघडलीत तर पर्लला अक्षरं दिसत नाहीत, सुटे बाइट दिसतात, आणि ही स्पेस दोन अनोळखी बाइट होऊन मापाला चिकटून बसते. मराठी मजकूर असलेली फाइल उघडताना यूटीएफ-८ सांगायचंच, ही सवय लावून घ्या.

त्याहून वाईट म्हणजे ज्यांना रुंदीच नाही अशी अक्षरं. विंडोजवर काही प्रोग्राम फाइलच्या अगदी सुरुवातीला बीओएम नावाची खूण टाकतात, आणि मराठी टायपिंगमध्ये शून्य रुंदीचा जोडक येतो. या दोघांना \एस मोकळी जागा मानत नाही. त्यामुळे स्प्लिट ' ' सुद्धा इथे काही करत नाही. पण म्हणून जोडक सगळ्या फाइलमधून सरसकट उडवू नका! "दुसऱ्या"मधला तो अर्धा र बरेच जण र, हलन्त आणि जोडक असाच टाइप करतात. जोडक काढलात की त्याचा रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जातो. ओळीच्या सुरुवातीचाच काढा, बाकीच्याला हात लावू नका.

आणि देवनागरी आकडे. हा लेख मी देवनागरी आकड्यांत लिहितोय, पण पर्लला बेरजेसाठी हे आकडे कळत नाहीत. देवनागरीत लिहिलेला बारा त्याच्यासाठी बेरजेत शून्य. गंमत म्हणजे आकडा ओळखणारा \डी हा पॅटर्न त्यांना आकडा म्हणतो. म्हणजे तपासणीत पास, हिशोबात शून्य. तपासायचं असेल तर \डी न वापरता चौकटी कंसात इंग्रजी शून्य ते नऊ लिहा. बदलून घ्यायचे असतील तर टीआर वापरून शून्य ते नऊ देवनागरीचे इंग्रजी करून घ्या, एका ओळीचं काम.

माझ्या स्क्रिप्टमध्ये आता स्प्लिट ' ' आहे, आणि त्याच्या खाली एक अट. माप आणि नग दोन्ही इंग्रजी आकडेच असले पाहिजेत, आणि माप मी विकतो त्या मापांच्या यादीतलं असलं पाहिजे. नसेल तर ओळीचा नंबर दाखवून तिथेच थांबायचं, पुढे जायचं नाही. पूर्वी मला वाटायचं की स्क्रिप्ट मध्येच थांबणं म्हणजे ती कच्ची आहे.

रोह्याच्या शेठचं काय झालं ते राहिलंच. बॉक्सवाल्यानं अर्जंटचे जादा पैसे घेतले, टेम्पो वडखळला दोन तास ट्रॅफिकमध्ये उभा राहिला, आणि चौथ्या दिवशी माल मी स्वतः रोह्याला पोचवला. जादा भाडं माझ्या खिशातून. शेठनी पैसे दिले, बॉक्सही मोजून घेतले, माझ्यासमोर, एकेक.

मुलाची मी दुसऱ्या दिवशी सकाळी माफी मागितली, आणि आदल्या दिवशी जी चार माणसं होती त्यांतली दोन समोर असताना मागितली. तो म्हणाला, "ठीक आहे दादा." मग म्हणाला, "मी विचारलं होतं."

पुढच्या वर्षापासून ऑर्डरींची फाइल तोच करतो. शेठ अजूनही ओळी आत सरकवूनच लिहितात, त्याला आता काही अडचण नाही. मध्ये एकदा स्क्रिप्ट थांबली, कोणीतरी नऊ देवनागरीत टाइप केला होता. त्यानं ओळ दुरुस्त केली, रिपोर्ट काढला, आणि शेजारी वहीत सगळी बेरीज पेननं पुन्हा केली. मी म्हटलं, आता स्क्रिप्ट बरोबर आहे, हातानं कशाला करतोस?

"दादा," तो म्हणाला, "तेव्हा पण तुम्ही हेच म्हणाला होतात."